सपाट फुटपाथावर अडणारी गोणी

आमच्या गेममध्ये एक हातगाडी आहे. मस्जिद बंदरला सुक्या मिरच्यांच्या गोणी भरायच्या आणि फुटपाथ, गटाराची झाकणं, टेम्पोला लावलेल्या फळ्या असं सगळं पार करत लालबागच्या मसाला गल्लीत नेऊन पोचवायच्या. वाटेत गोणी घसरून पडली तर ती ओढत नेऊन पुन्हा गाडीवर चढवायची. खेळ एवढाच, बाजूने दिसणारा, टूडी. चित्रं माझा मित्र काढतो, कोड मी लिहिते. दिवसा दोघांच्याही नोकऱ्या आहेत, त्यामुळे गेमचं काम रात्री दहानंतर, आमच्या परळच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकवलेल्या टेबलावर.

फिजिक्ससाठी, म्हणजे वस्तू कशा पडतात, घसरतात, आदळतात याचा हिशेब करायला, आम्ही बॉक्सटूडी घेतलं. एरिन कॅटो यांनी लिहिलेलं हे इंजिन कित्येक वर्षं टूडी गेममध्ये वापरलं जातंय. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या टूडी फिजिक्सच्या पोटातही तेच आहे. आम्ही त्याची २.४ ही आवृत्ती धरून चाललो होतो. गाडीची चाकं म्हणजे ३० सेंमी त्रिज्येची वर्तुळं, गोणी म्हणजे आयत, आणि फुटपाथ म्हणजे एकाला एक खेटून बसवलेले अर्धा-अर्धा मीटर रुंदीचे चौकोन. मुंबईच्या फुटपाथावर पेव्हर ब्लॉक असतात, मग गेममध्येही ब्लॉकच मांडावेत, एवढा साधा विचार होता. त्या साध्या विचाराने पुढचा दीड महिना खाल्ला.

दोष पहिल्यांदा दिसला तो आईला.

आम्ही दोघं तो भाग शंभरदा तरी खेळलो असू. बटण दाबून ठेवायचं, गाडी पळवायची, पडलेली गोणी खेचत न्यायची. कधीतरी गोणी मध्येच थांबायची, पण आमचा अंगठा आपोआप उचलायच्या बटणावर जायचा आणि आम्ही पुढे निघायचो. लक्षातच यायचं नाही. एका रविवारी आईच्या हातात कंट्रोलर दिला. ती सावकाश खेळते. एकेक पाऊल बघून टाकते. चौथ्या-पाचव्या ब्लॉकवर तिची गोणी अडली.

“अगं, ही इथं अडते बघ. समोर तर काहीच नाहीये.”

“उचलायचं बटण दाब ना.”

“का दाबू? रस्ता सपाट आहे. सपाट रस्त्यावर गोणी कशाला उचलायची?”

तिने उचलली नाही. ढकलत राहिली. गोणी जागची हलेना. अडली की अडलीच. मग तिने मागे घेऊन पुन्हा ढकलली, तर या वेळी त्याच जागेवरून सरळ निघून गेली. पुढे तीन-चार सांध्यांनंतर पुन्हा ठप्प. दहा मिनिटांत ती सहा वेळा अडली. आम्हाला महिनाभरात जेवढं दिसलं नव्हतं तेवढं त्या दहा मिनिटांत दिसलं. ती सावकाश का अडते आणि आम्ही वेगात का सुटतो, या प्रश्नातच सगळं उत्तर होतं, पण तेव्हा मी तो प्रश्न विचारला नाही. मी सरळ कोड उघडलं.

पहिला संशय आकड्यांवर. ब्लॉकच्या जागा मी ०.१ च्या पटीत दिल्या होत्या आणि ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. म्हटलं, दोन ब्लॉकांमध्ये केसाएवढी फट राहत असेल. सगळ्या जागा अर्ध्याच्या पटीत घेतल्या, कारण ०.५ नेमका लिहिता येतो. फट शून्य. गोणी अडली. मग ब्लॉक एकमेकांत एक सेंटिमीटर घुसवून बसवले. तरी अडली. घर्षण शून्य केलं, तर गोणी बर्फावरून घसरावी तशी घसरायला लागली आणि घसरत जाऊन अडली. हे बघितल्यावर एक कळलं, की घर्षणाचा यात काही संबंध नाही. काहीतरी समोरून ढकलतंय.

मग मी गणित जास्त बारीक करायचं ठरवलं. इंजिन सेकंदाला ६० वेळा हिशेब करत होतं, ते २४० केलं. मनात आशा होती, की पावलं लहान झाली की चूक लहान होईल. झालं उलटंच. गोणी आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळा अडायला लागली. रात्रीचे दीड वाजले होते. बारकाई चौपट करावी आणि दोष वाढावा, हे माझ्या आजवरच्या अनुभवात बसत नव्हतं. पण आता मागे बघते तेव्हा वाटतं, की त्या रात्री मला पहिल्यांदा खरा धागा सापडला. जो दोष बारकाईने वाढतो तो बारकाईच्या अभावाने झालेला नसतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डीबग चित्रणाचा, म्हणजे दोष शोधण्यासाठी इंजिनचा हिशेब पडद्यावर काढून दाखवणारा, भाग लिहायला घेतला. जिथे दोन वस्तू एकमेकींना टेकतात तिथे एक ठिपका, आणि इंजिन त्यांना कोणत्या दिशेने दूर ढकलतंय त्या दिशेचा एक बाण. वर जाणारा बाण हिरवा, तिरपा झाला की पिवळा, आडवा झाला की लाल. सोबत एक बटण, जे दाबलं की जग फक्त एक फ्रेम, म्हणजे हिशेबाचं एकच पाऊल, पुढे सरकेल. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फिजिक्समध्ये डोळ्यांना दिसतं ते परिणाम असतात, कारणं या बाणांत असतात.

रात्री बसून फ्रेमवर फ्रेम दाबत गेले. गोणीखाली दोन हिरवे बाण. पुढची फ्रेम, दोन हिरवे. पुढची, दोन हिरवे. गोणीची पुढची कड सांध्यावरून पलीकडच्या ब्लॉकवर जेमतेम पोचली आणि तिच्या नाकाशी एक लाल बाण उमटला, पूर्ण आडवा, गोणीकडे तोंड करून. सपाट फुटपाथाच्या आतून, जिथे कुठलीही भिंत नाही, तिथून इंजिन गोणीला मागे ढकलत होतं.

भिंत नाही म्हणाले खरी, पण इंजिनच्या दृष्टीने ती होती. प्रत्येक ब्लॉक हा चार बाजू असलेला स्वतंत्र चौकोन. त्याची डावी बाजू ही त्याच्यापुरती खरीखुरी भिंत. शेजारी दुसरा ब्लॉक चिकटून बसलाय आणि त्यामुळे ती बाजू कायमची झाकली गेली आहे, हे त्या ब्लॉकला कुणी सांगितलेलंच नसतं. इंजिन गोणीची गाठ एकेका ब्लॉकशी वेगवेगळी घालून बघतं. या ब्लॉकशी टक्कर आहे का? असेल तर कुठल्या बाजूने बाहेर काढणं सगळ्यात स्वस्त पडेल? प्रत्येक ब्लॉक आपल्यापुरतं खरं उत्तर देतो. सगळी उत्तरं खरी, आणि एकत्र केली की निकाल खोटा.

आता ‘सगळ्यात स्वस्त’ म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. दोन बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न वळलेले, आकार एकमेकांत घुसले की इंजिन वेगवेगळ्या दिशा तपासतं आणि ज्या दिशेने घुसखोरी सगळ्यात कमी आहे त्या दिशेने ढकलतं. सपाट जमिनीवर टेकलेली गोणी मुळात जमिनीत थोडी रुतलेलीच असते. बॉक्सटूडी हे मुद्दाम होऊ देतं. सुमारे ५ मिमीपर्यंतची घुसखोरी ते सोडून देतं, कारण प्रत्येक फ्रेमला वस्तू पूर्ण बाहेर काढली तर स्पर्शच तुटतो, पुढच्या फ्रेमला ती पुन्हा पडते, पुन्हा काढावी लागते, आणि ठेवलेली वस्तू थरथरत राहते. आकारांना बाहेरून एक पातळ कातडी दिलेली असते, पण तिच्यासकट मोजलं तरी हिशेब तोच.

म्हणजे उभ्या दिशेने गोणी नेहमीच ५ मिमी आत. आता ती पुढच्या ब्लॉकवर सरकते. पहिल्या फ्रेमला ती आडव्या दिशेने ३ सेंमी आत गेली असेल, तर उभे ५ मिमी कमी आहेत, बाण वर जातो, सगळं ठीक. पण नेमकी पहिल्या फ्रेमला ती आडवी २ मिमीच आत गेलेली असेल, तर २ मिमी हे ५ मिमीपेक्षा कमी. इंजिन म्हणतं, मागे ढकलणं स्वस्त. बाण आडवा. गोणी ठप्प. आणि एकदा थांबली की आत घुसणारच नाही, म्हणजे २ मिमीचे कधी ६ मिमी होणार नाहीत, म्हणजे बाण आडवाच राहणार. आईने कितीही ढकललं तरी गोणी का हलत नव्हती, ते इथे कळलं.

वहीवर आकडे मांडले. आम्ही गोणी सेकंदाला ३ मीटर वेगाने खेचत होतो. ६० फ्रेमने भागलं की एका फ्रेमला ५ सेंमी, म्हणजे ५० मिमी. गोणीची कड सांधा ओलांडताना या ५० मिमीत कुठेही पडू शकते. ती पहिल्या ५ मिमीत पडली तर अडणार. दहा सांध्यांमागे एक. आई सेकंदाला १.२ मीटरने जात होती, म्हणजे फ्रेमला २० मिमी. वीसातले पाच, म्हणजे चार सांध्यांमागे एक. आणि मी जेव्हा ६० चे २४० केले तेव्हा आमच्याच वेगाला पाऊल १२.५ मिमीचं झालं, त्यातले ५ मिमी धोक्याचे. दहातले चार. सावकाश खेळणारी आई, वेगात खेळणारे आम्ही आणि ती दीड वाजताची विचित्र रात्र, तिन्ही एकाच भागाकारात बसले. वही तशीच उघडी ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. इतकं मोकळं मला फार दिवसांनी वाटलं होतं.

चाकांचं दुखणं याच जातीचं, पण वेगळ्या रूपाचं होतं. गाडी अडत नव्हती, नुसती उडायची. सपाट रस्त्यावर खडखड खडखड. मित्राला ते आवडलंही होतं, मुंबईच्या रस्त्याची आठवण होते म्हणाला. पण ते ब्लॉकच्या लांबीशी बांधलेलं उडणं होतं, रस्त्याशी नव्हे. वर्तुळाला सपाट बाजू नसते, त्यामुळे ते पुढच्या ब्लॉकच्या कोपऱ्याला आधी टेकतं. ३० सेंमी त्रिज्येचं चाक ५ मिमी रुतलेलं असेल तर त्याचा पुढच्या कोपऱ्याशी स्पर्श केंद्राच्या साडेपाच सेंमी पुढे होतो आणि तिथला बाण साधारण १० अंश मागे कललेला असतो. म्हणजे दर सांध्याला चाकाला एक अदृश्य ठेच. वेग थोडा मरतो आणि चाक वर उडतं. माझ्या रंगांत हे पिवळे बाण होते. लालच्या नादात मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

या दोषाला बॉक्सटूडीच्या माहितीपुस्तकात घोस्ट कोलिजन म्हणतात. भुताची टक्कर. नाव समर्पक आहे, पण मला आमच्याकडचा ‘सांधा’ हाच शब्द जास्त उपयोगी पडला. लादी बसवणारा मिस्त्री एकेक लादी सुटी बसवत नाही, आधी दोरी बांधतो आणि प्रत्येक लादी दोरीला लावतो. आमच्या फुटपाथाला दोरीच नव्हती.

ती दोरी म्हणजे चेन शेप. चौकोन मांडायचे नाहीत, फुटपाथाच्या फक्त वरच्या कडेची एक सलग साखळी द्यायची, बिंदूला बिंदू जोडून. झाकल्या गेलेल्या उभ्या बाजू मुळात जन्मालाच येत नाहीत. आणि साखळीतल्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू माहीत असतो, त्यामुळे कोपऱ्यावर आलेला बाण माझ्या हद्दीतला की शेजाऱ्याच्या, हे तो ठरवू शकतो. मी चौकोनांवरून वरची कड काढणारा भाग लिहिला, साखळी तयार केली, गेम चालू केला, आणि गाडी, गोणी, सगळं फुटपाथातून आरपार खाली पडलं.

२.४ पासून साखळी एकाच बाजूने टक्कर घेते. तुम्ही ज्या दिशेने बिंदू देता त्या दिशेने चालत निघालात तर तुमच्या उजव्या हाताची बाजू ती टक्कर घेणारी. मी माणूस वाचतो तसे डावीकडून उजवीकडे बिंदू दिले होते, म्हणजे टक्कर घेणारी बाजू खाली, जमिनीकडे. यादी उलटी केली आणि गाडी रस्त्यावर उभी राहिली. ती रात्र मी विसरणार नाही. गोणी ओढली, सावकाश, आईपेक्षाही सावकाश. सगळे बाण हिरवे. चाकं गुळगुळीत. मित्राला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, “खडखड आवाज मात्र मी वेगळा टाकणार.”

दोन दिवस टिकलं हे सुख. आमचा रस्ता लांब आहे, म्हणून तो ३० मीटरच्या तुकड्यांत मेमरीत येतो आणि जातो. प्रत्येक तुकड्याची साखळी वेगळी, आणि जिथे एक साखळी संपून दुसरी सुरू होते तिथे तोच जुना सांधा. यावर सोय इंजिनातच आहे. साखळीच्या दोन्ही टोकांना एकेक जादा बिंदू देता येतो, ज्याच्याशी टक्कर होत नाही, जो फक्त ‘पुढे रस्ता असा जातो’ एवढं सांगतो. त्याला घोस्ट व्हर्टेक्स म्हणतात. यादी उलटी असल्यामुळे ‘आधीचा’ बिंदू उजव्या तुकड्याचा आणि ‘नंतरचा’ डाव्या तुकड्याचा, हे ध्यानात ठेवलं की झालं. ते लवकर मिटलं.

मिटत नव्हतं ते झाकणांचं. गटाराची झाकणं आमच्या खेळात उघडतात, पावसाच्या प्रसंगात तर पाण्याने वर उचलली जातात. टेम्पोची फळी खेळाडू स्वतः हलवून लावतो. हलणारी वस्तू साखळीत ओवता येत नाही. म्हणजे झाकण आणि फुटपाथ यांच्यातला सांधा हा दोन वेगळ्या वस्तूंमधला सांधा, आणि तिथे कोणी कोणाला ओळखत नाही.

एका शनिवारी मी मस्जिद बंदर स्टेशनबाहेर तासभर उभी राहिले. खऱ्या गाड्या सांध्यांवरून कशा जातात ते बघायचं होतं. हमाल पेव्हर ब्लॉकच्या खचलेल्या ओळीशी आला की गाडी सरळ घालत नाही. दांडा जरा एका बाजूला देतो, एक चाक आधी चढतं, मग दुसरं. जिथे ओळ खचलेली नाही तिथे त्याच्या हातात काही बदल होत नाही. एक झाकण मात्र बोटभर वर आलेलं होतं आणि तिथे प्रत्येक गाडी थबकत होती. मला हवं होतं ते नेमकं हेच. झाकण पातळीत असेल तेव्हा त्याची कड नाहीशी व्हावी आणि बोटभर वर आलं की ती कड खरी व्हावी.

बॉक्सटूडीत टक्कर सोडवण्याआधी तुमच्या कोडला एकदा विचारलं जातं. प्रीसॉल्व्ह नावाचं ते ठिकाण आहे. तिथे तुम्ही एखादा स्पर्श त्या फ्रेमपुरता रद्द करू शकता. माझा पहिला नियम असा होता: स्पर्श जमिनीच्या पातळीपासून ५ सेंमीच्या आत असेल आणि बाण आडवा असेल तर रद्द. सैल हात ठेवला होता, म्हटलं असू दे. झाकणं सुरळीत झाली. मग मित्राने रस्त्यात ठेवलेला शहाबादी फरशीचा तुकडा आला. ४ सेंमी जाड. त्याला गोणी अडायलाच हवी, तो अडथळाच आहे. गोणी त्याच्या आत शिरली आणि पुढच्या काही फ्रेमांत वर येऊन फरशीवर जाऊन बसली. नियमाने खरी टक्करही खाल्ली होती. भूत काढताना माणूसही गेला.

चूक विचारातच होती. मी उंची बघत होते, शेजार बघत नव्हते. मग कागदावर पहिल्यापासून मांडलं. सांध्याच्या बिंदूवर डावीकडच्या पृष्ठभागाची एक ‘वर’ दिशा आहे आणि उजवीकडच्या पृष्ठभागाची एक. उतार सुरू होतो अशा माथ्यावर या दोन दिशा एकमेकींपासून फाकतात, हातपंख्याच्या दोन टोकाच्या काड्यांसारख्या. त्या माथ्यावर चाक टेकलं तर बाण या दोन काड्यांमध्ये कुठेही असू शकतो, तो खरा. सपाट सांध्यावर पंखा मिटलेला असतो, दोन्ही काड्या एकच, सरळ वर. तिथे तिरपा बाण आला तर तो खोटा. आणि खोलगट सांध्यावर पंखा उघडतच नाही, तिथे कोपऱ्याचा म्हणून एकही बाण मान्य नाही, फक्त दोन पृष्ठभागांचे आपापले. साखळी शेप आतल्या आत हेच करतो. मला ते हलणाऱ्या वस्तूंसाठी बाहेरून करायचं होतं.

इतर इंजिनं काय करतात ते वाचलं, कारण थ्रीडीत हा प्रश्न अधिकच बिकट असतो. तिथे सगळी जमीन त्रिकोणांची आणि प्रत्येक त्रिकोणाला तीन कडा. बुलेट नावाच्या इंजिनमध्ये प्रत्येक आतल्या कडेचा शेजाऱ्याशी असलेला कोन आधीच मोजून ठेवतात आणि भलतीकडे बघणारा बाण वळवून योग्य दिशेला आणतात. जोल्टमध्ये, जे योरिट रौवे यांनी लिहिलं आणि होरायझन फॉरबिडन वेस्ट या गेममध्ये वापरलं गेलं, दोन त्रिकोणांमधला कोन ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल, मूळ सेटिंगमध्ये ५ अंश, तर ती कड निष्क्रिय मानतात. शिवाय तिथे आणखी एक युक्ती आहे जी मला फार आवडली. पृष्ठभागावरचे स्पर्श आधी घ्यायचे, कडांचे आणि कोपऱ्यांचे मागे ठेवायचे, आणि पृष्ठभागाने आधीच व्यापलेल्या कडेवरचा स्पर्श असेल तर तो सोडून द्यायचा.

शेवटी माझा नियम असा झाला. प्रत्येक झाकणाला आणि फळीला तिच्या दोन्ही बाजूंचे शेजारी कोण, याची एक छोटी नोंद असते आणि वस्तू हलली की ती ताजी होते. आडवा किंवा तिरपा स्पर्श आला की तीन गोष्टी बघायच्या. त्या बाजूला शेजारी आहे का? दोघांच्या वरच्या पातळीत एक सेंटिमीटरहून कमी फरक आहे का? आणि जी वस्तू येतेय ती या क्षणी त्या शेजाऱ्याच्या पृष्ठभागावर टेकलेली आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल आणि बाण पंख्याबाहेर असेल तरच स्पर्श रद्द. तिसरी अट महत्त्वाची. कोणीतरी वस्तूला खालून धरलेलं असेल तरच दुसऱ्याने हात काढायचा. ती नसताना एकदा वरून पडणारी गोणी झाकणाच्या कडेला घासून थेट गटारात गेली होती.

शहाबादी तुकड्याच्या बाजूला शेजारी नाही, रिकामी हवा आहे. त्यामुळे तो पहिल्याच प्रश्नावर वाचतो आणि गोणी अडते. पावसात झाकण बोटभर उचललं गेलं की पातळीचा फरक सेंटिमीटरच्या वर जातो आणि गाडीला ठेच लागते, मस्जिद बंदरला लागत होती तशी.

मग एक चाचणी लिहिली जी अजून रोज रात्री चालते. हजार सांध्यांचा सपाट रस्ता, काही साखळीचे, काही झाकणांचे. त्यावरून एक गोणी आणि एक चाक, सेकंदाला ०.२ मीटरपासून ६ मीटरपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी, आणि दर वेळी सुरुवातीची जागा एकेक मिलिमीटर पुढे. ही मिलिमीटरची गोष्ट विसरू नये. एकाच जागेवरून सुरुवात केली तर दर वेळी तेच पाऊल त्याच ठिकाणी पडतं आणि दोष असूनही सापडत नाही. कुठेही वेग अचानक पडला किंवा उंची २ मिमीहून जास्त बदलली की चाचणी थांबते आणि ती फ्रेम जपून ठेवते. सुरुवातीला रोज सकाळी काही फ्रेम साठलेल्या असायच्या. गेले तीन आठवडे फोल्डर रिकामं आहे.

एक जागा सुटलेली नाही. दोन टेम्पो एकमेकांना लागून उभे असतात आणि दोन्ही स्प्रिंगवर हलत असतात, तिथे पातळी सतत बदलते. फरक कधी नऊ मिलिमीटर, कधी अकरा. गोणी तिथे मधूनच अडते. आत्ता तरी दोन टेम्पोंमध्ये हातभर अंतर ठेवून मित्राने तो प्रसंग नव्याने मांडलाय. ते माझ्या मनाला पटलेलं नाही, त्यावर काम चालू आहे.

गेल्या रविवारी आईला पुन्हा बसवलं. बाण दिसतील असं ठेवलं होतं, तिला ते आवडतात. ती तिच्या चालीने निघाली. सांध्यामागून सांधे गेले, झाकणं गेली, फळीवरून गोणी खाली उतरली. मग ती थांबली. पडद्यावर एक लाल बाण होता.

“अगं, ही परत अडली.”

“खाली बघ काय आहे ते.”

तिने चष्मा सारखा केला आणि पडद्याजवळ वाकली. “फरशीचा तुकडा आहे गं.” मग गोणी दोन पावलं मागे घेतली, एक टोक उचललं आणि ते फरशीवर टेकवून पुढे ओढायला लागली.